नवतपा, टिनाचं छप्पर आणि ॲसिटोनची बाटली

मे महिन्यात दुपारी दोन वाजता कुणी माझ्या दुकानात ॲसिटोन, म्हणजे ग्रीस-डाग पुसायचा झपाट्याने उडणारा द्रव, मागितलं, तर मी देत नाही. "सकाळी ये," म्हणतो. गिऱ्हाईक चिडतं. "काहून भाऊ, सकाळी सस्तं होते काय?" सस्तं होत नाही, थंड होतं. आणि या पदार्थाच्या बाबतीत सगळा खेळ तेवढाच आहे.

मी बीएस्सी केलं रसायनशास्त्रात आणि पोट भरतो मोटर वाइंडिंग करून. पंप, पाइप, स्टार्टर, त्यांना लागणारं सटरफटर सामान असं तालुक्याच्या ठिकाणी दुकान आहे. ॲसिटोनच्या बाटलीवर वापरायच्या सूचना असतात, त्या बरोबरच असतात. पण त्या लिहिणाऱ्याने खोलीचं तापमान २०-२५ अंश धरलेलं असतं. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, आणि टिनाच्या छपराखाली तर हवाच तापलेल्या भट्टीसारखी होते. म्हणून हा लेख आपल्या उन्हाच्या हिशेबाने लिहिला आहे.

बाटलीत आहे तरी काय

ॲसिटोन म्हणजे सगळ्यात साधा किटोन. मधे एक कार्बन, त्याला दुहेरी बंधाने चिकटलेला ऑक्सिजन, आणि दोन्ही बाजूंना एकेक मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन). एकूण ३ कार्बन, ६ हायड्रोजन, १ ऑक्सिजन. ऑक्सिजनची बाजू पाण्याशी जमवून घेते, मिथाइलची बाजू तेला-ग्रीसशी. असा दोन्ही डगरींवर हात असल्यामुळे तो पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळतो आणि ग्रीसही उचलतो. पेट्रोलला पहिलं जमत नाही, पाण्याला दुसरं.

मात्र त्याच्या रेणूंची एकमेकांवरची पकड सैल आहे. जवळपास तेवढ्याच वजनाचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल ८२ अंशांना उकळतं, कारण त्याच्यातल्या ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गटांमुळे रेणू एकमेकांना धरून असतात. ॲसिटोनमध्ये ती साखळी नाही, म्हणून तो ५६ अंशांनाच उकळतो. हा ५६ चा आकडा लक्षात ठेवा. नवतपातल्या दुपारची हवा आणि उकळबिंदू यांच्यात दहा-अकरा अंशांचंच अंतर उरतं.

२० अंशांवर ॲसिटोनच्या वाफेचा जेवढा दाब असतो, त्याच्या जवळपास पावणेतीन पट ४५ अंशांवर होतो. त्यामुळे झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो, कधी तोंडाशी तुषार उडतात. बाटलीवर ओलं फडकं टाकून पाच मिनिटं थांबा, तोंड आपल्या चेहऱ्यापासून दूर धरा आणि झाकण अर्धा आटा सैल करून वाफ जाऊ द्या. मग पूर्ण उघडा.

खरं ॲसिटोन कसं ओळखायचं

गावात थिनर, रिमूव्हर, स्पिरिट आणि ॲसिटोन या चार गोष्टींचा पक्का गोंधळ आहे. "हे थिनरच हाय ना भाऊ?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. नाही, थिनर हे मिश्रण असतं. त्यात बहुधा टोल्युइनसारखे पदार्थ असतात आणि ते ॲसिटोनपेक्षा जास्त विषारी. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये कधी ॲसिटोन, पाणी आणि थोडं तेल असतं, तर 'ॲसिटोन फ्री' लिहिलेल्यात बऱ्याचदा इथाइल ॲसिटेट.

ओळखायला दोन चाचण्या पुरतात. त्या बाहेर, सावलीत, चुलीपासून लांब करा.

काचेच्या ग्लासात अर्धा ग्लास पाणी घ्या आणि त्यात एक चमचा द्रव टाकून हलवा. ॲसिटोन पाण्यात नाहीसा होतो, काही दिसत नाही. थिनर किंवा पेट्रोल असेल तर पाणी गढूळ होतं आणि वर तवंग येतो. मग थर्माकोलच्या तुकड्यावर दोन थेंब टाका. ॲसिटोन पडलं की थर्माकोल बसतो, खड्डा पडतो आणि खाली चिकट गोळा उरतो. थर्माकोलमध्ये बहुतेक हवाच असते. ती निघून जाते आणि पॉलिस्टायरीन मऊ होऊन राहतं.

एकेकटी चाचणी फसवते. स्पिरिट पाण्यात मिसळतं, पण थर्माकोलला काही करत नाही. पेट्रोल थर्माकोल खातं, पण पाण्यात मिसळत नाही. दोन्ही करतो तो, तुमच्या-आमच्या दुकानात मिळणाऱ्या मालापैकी, ॲसिटोन.

पाणी मारलेलं आहे का, ते पाहायला काचेवर एक थेंब सोडा. शुद्ध असेल तर बघता बघता उडून जातो. पाणी असेल तर मधे ओला ठिपका मागे राहतो. ही चाचणी उन्हाळ्यात करा, पावसाळ्यात ती खोटं बोलते. ॲसिटोन उडताना काच इतकी गार करतो की हवेतला दमटपणाच तिच्यावर जमतो. माठ गार होतो त्याच कारणाने, फक्त इथे काम फार घाईत होतं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये ॲसिटोनने पुसलेल्या लोखंडावर लगेच रंग मारू नका. आत ओल अडकते, रंगावर पांढुरकी झाक येते आणि मग दोष रंगाच्या डब्याला दिला जातो.

पाइपाचा जोड

माझ्याकडे येणारं निम्मं ॲसिटोन पीव्हीसी पाइपासाठी जातं, आणि त्यातल्या निम्म्या लोकांची समजूत अशी की सोल्युशन संपलं तर ॲसिटोननेच पाइप चिकटवता येतो. येत नाही. ॲसिटोनने पीव्हीसी थोडा फुगतो, नीट विरघळत नाही. जोडाच्या सोल्युशनमध्ये टेट्राहायड्रोफ्युरान, सायक्लोहेक्झॅनोन किंवा ब्युटॅनोन अशी दणकट द्रावकं असतात. यातले शेवटचे दोन किटोनच, ॲसिटोनचे मोठे भाऊ. ती पाइपाची कातडी खरोखर विरघळवतात. दोन्ही कातड्या एकमेकींत मिसळतात, द्रावक उडून जातं आणि जोड एकजीव होतो. ॲसिटोनचं काम त्याआधीचं: पाइप पुसणं.

पाइप काटकोनात कापा, कापलेल्या कडेचे बुरे चाकूने काढा. एल्बो किंवा कपलर कोरडाच बसवून पाहा आणि किती आत जातो तिथे पेन्सिलने खूण करा. मग पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं ॲसिटोन घेऊन पाइपाचं बाहेरून आणि फिटिंगचं आतून तेल, माती, शाई पुसा. फडकं काळं निघालं तर बाजू बदलून पुन्हा पुसा. मिनिटभर सुकू द्या. दोन्हीकडे सोल्युशन लावा, पाव वळसा देत खुणेपर्यंत दाबा आणि अर्धा मिनिट तसंच धरून ठेवा. सोडलं तर पाइप मागे सरकतो.

उन्हाळ्यात फजिती होते ती इथे. वावरात उन्हात पडलेला पाइप हाताला चटका देतो. त्याच्यावर सोल्युशन लावून दुसरं टोक उचलेपर्यंत वर साय धरलेली असते. जोड दिसायला पक्का, पण मोटर सुरू केली की पिचकारी. पाइप रात्रीच सावलीत आणून ठेवा आणि जोड सकाळी आठच्या आत मारा. मोठा पाइप असेल तर दोघं लागतात, एक लावायला आणि एक बसवायला.

ठिबकच्या काळ्या नळ्यांवर यातलं काहीच चालत नाही. त्या पॉलिइथिलीनच्या असतात, त्यांना ॲसिटोनही लागत नाही आणि सोल्युशनही. तिथे जोडणीचा तुकडाच बसवावा लागतो.

हाताला चिकटलेलं फेविक्विक

आधी कोमट साबणाच्या पाण्यात बोटं बुडवून ठेवा. बरंचसं त्यानेच सुटतं. नाहीच सुटलं तर कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये भिजवून सांध्यावर ठेवा, मिनिटभर थांबा आणि बोटं एकमेकांवर घोळवा. ओढू नका, कातडी येते. नंतर हात धुऊन खोबरेल लावा, कारण ॲसिटोन कातडीचं तेलही घेऊन जातो. ओठ किंवा पापण्या चिकटल्या तर ॲसिटोन अजिबात नको. कोमट पाणी आणि दवाखाना.

एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. सांडलेलं, अजून ओलं असलेलं फेविक्विक कापसाने किंवा सुती फडक्याने पुसू नका. कापसाला लागलं की ते इतक्या झपाट्याने घट्ट होतं की चटका बसण्याइतकं तापतं, कधी धूरही निघतो. सुकू द्या, मग ॲसिटोन.

स्टार्टर, बेअरिंग, लोखंड

बेअरिंगचं जुनं ग्रीस आधी डिझेलने काढा आणि शेवटचा हात ॲसिटोनचा द्या. सुरुवातीपासून ॲसिटोन ओतणं म्हणजे पैसे हवेत उडवणं. नांगराच्या फाळाला किंवा बंडीच्या लोखंडी आसाला रंग देण्याआधी पॉलिश पेपर मारून ॲसिटोनचं फडकं फिरवलं की रंग धरतो. एम-सील ओलं असेपर्यंत ॲसिटोनने पुसलं जातं. एकदा कडक झालं की विसरा.

स्टार्टरच्या कॉन्टॅक्टवरची चिकट धूळ पुसायची असेल तर आधी मेन बंद करा. नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही, कटआउट (फ्यूज) काढून खिशात ठेवा. आपल्याकडे लाइन कधी येईल त्याचा नेम नाही, आणि लाइन आली की कॉन्टॅक्टवर ठिणगी. पुसून झाल्यावर झाकण उघडं ठेवून पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, वास पूर्ण गेला की मगच लाइन जोडा. वाइंडिंगच्या तारेवर ॲसिटोन फिरवू नका. व्हार्निश मऊ झालं तर मोटर परत माझ्याकडेच येणार. धंद्याच्या दृष्टीने बरं, पण सांगून ठेवतो.

दुकान टाकलं त्या वर्षी मी एका गिऱ्हाइकाच्या पॅनलवरची अँपिअर मीटरची काच ॲसिटोनने चकचकीत करायला गेलो. ती काच नव्हती, प्लास्टिक होतं. एका फटक्यात मोतीबिंदू झाल्यासारखी पांढरी पडली आणि मीटर भरून द्यावा लागला. तेव्हापासून भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय: पुसण्याआधी मागच्या कोपऱ्यात एक थेंब.

पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे कॅन, बादल्या, फवारणीच्या पंपाची टाकी, यांना थोड्या वेळात काही होत नाही. ॲक्रिलिक, थर्माकोलवाल्या पॉलिस्टायरीनच्या वस्तू, टीव्ही-मिक्सरची एबीएस प्लास्टिकची खोकी, गॉगल आणि गाडीच्या हेडलाइटमधलं पॉलिकार्बोनेट यांची वाट लागते. गंमत अशी की ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट बनवायच्या मालात मुळात ॲसिटोनच असतो. मोबाइलला लावू नका, चष्म्याला लावू नका. फवारणीचा पंप धुवायलाही लावू नका. टाकी टिकेल, पण आतले वॉशर फुगतील.

आणि निळे पातळ हातमोजे घालून आपण सुरक्षित आहोत असं समजू नका. त्या नायट्राइल रबरातून ॲसिटोन मिनिटा-दोन मिनिटांत आरपार जातो. ब्युटाइल रबराचे मोजे टिकतात, पण ते गावात मिळत नाहीत. म्हणून काम थोडक्यात आटपणं आणि हात धुणं हाच उपाय.

नेलपॉलिश आणि आपला कापूस

नेलपॉलिशचा चकचकीत थर बहुधा नायट्रोसेल्युलोजचा असतो, आणि नायट्रोसेल्युलोज कापसापासून बनतं. सरकीवर राहिलेले बारीक तंतू, म्हणजे लिंटर, त्यासाठी चालतात. साधा कापूस ॲसिटोनमध्ये विरघळत नाही, म्हणून तर आपण बोळा वापरतो. पण त्याच कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया झाली की तो विरघळतो. म्हणजे नखावर कापसाचा नातेवाईक आणि हातात कापूस.

हीच गोष्ट पहिल्या महायुद्धात इंग्रजांना भारी पडली. कॉर्डाइट नावाची बिनधुराची दारू करायला नायट्रोसेल्युलोज ॲसिटोनने मळावं लागे, आणि ॲसिटोन तेव्हा लाकूड तापवून मिळवायचे. ते पुरेना. मँचेस्टरच्या खाइम वाइझमन यांनी पिठुळ धान्य जिवाणूंनी आंबवून ॲसिटोन काढायची रीत बसवली. धान्य कमी पडू लागलं तेव्हा १९१७ मध्ये शाळेतल्या पोरांकडून हॉर्स चेस्टनटची फळं गोळा करून घेतली. हेच वाइझमन १९४९ मध्ये इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. आज ॲसिटोन मुख्यतः क्युमीन या पेट्रोरसायनापासून फिनॉल हे दुसरं रसायन करताना सोबत निघतो, एक किलो फिनॉलमागे सुमारे सहाशे ग्रॅम.

नेलपॉलिश काढताना बोळा नखावर दहा सेकंद दाबून ठेवा आणि एका दिशेने ओढा. घासत बसू नका. साडीवर पॉलिश सांडलं असेल तर आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून पाहा, कारण ॲसिटेट नावाच्या कापडाचं अस्तर ॲसिटोनमध्ये विरघळून भोक पडतं.

जिथे कापूस ठेवलाय, तिथे नाही

दिवाळीनंतर भाव चढेल म्हणून आपण कापूस घरातच गंजी लावून ठेवतो. पुढची खोली छतापर्यंत भरलेली, पोरं त्याच्यावर झोपलेली. अशा घरात ॲसिटोनची बाटली उघडूच नका.

हिशेब करून दाखवतो. एक लिटर ॲसिटोन म्हणजे ७९० ग्रॅम. तो पूर्ण उडाला तर साधारण ३४० लिटर वाफ होते. हवेत ही वाफ अडीच टक्के झाली की ठिणगीने पेट घेते, वरची मर्यादा सुमारे १३ टक्के. म्हणजे ६ बाय ८ फुटांची, १० फूट उंचीची अख्खी खोली पेटण्याजोगी करायला एक लिटर पुरतो. आणि प्रत्यक्षात तेवढाही लागत नाही, कारण ही वाफ हवेच्या दुप्पट जड असते. ती वर जात नाही. जमिनीवरून पाण्यासारखी सरकत जाते, उंबऱ्याखालून, सपरीतून, चुलीकडे. तुम्ही दहा फुटांवर असता आणि आग चुलीपासून उलट तुमच्याकडे धावत येते. याची वाफ ठिणगीने पेटण्याइतकी जमायला लागते ते तापमान (फ्लॅश पॉइंट) उणे २० अंशांच्या आसपास आहे. डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीतही तो पेटतो, मग नवतप्याचं काय सांगावं.

म्हणून काम अंगणात, वारा पाठीमागून घेऊन. देवघरातली समई, चूल, गॅस, बिडी, वेल्डिंग, चालू मोटर यांतलं काहीही आसपास नको. लागेल तेवढंच ॲसिटोन स्टीलच्या वाटीत काढा आणि बाटलीला लगेच झाकण लावा. डोकं हलकं वाटलं, घसा खवखवला, की उठून बाजूला जा. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा. कुणी प्यायलं तर ओकारी काढायला लावू नका, १०८ ला फोन करा.

पेटलंच तर वाटीवर झाकण किंवा ओलं पोतं टाका. जमिनीवर सांडलेलं असेल तर माती आणि रेती. बादलीभर पाणी फेकलं तर जळतं ॲसिटोन पसरतं.

ब्लिचिंग पावडरशी गाठ पडू देऊ नका. आपण विहिरीत टाकतो तीच पावडर आणि ॲसिटोन मिळून क्लोरोफॉर्म तयार होतो. एके काळी क्लोरोफॉर्म असाच बनवायचे. त्यामुळे ॲसिटोन सांडलेली फरशी ब्लिचिंगने धुणं हे शहाणपण नव्हे.

गाईच्या तोंडाचा वास

हा भाग दुकानाचा नाही, कोठ्याचा (गोठ्याचा) आहे. ॲसिटोन आपल्या अंगातही तयार होतो. शरीराला साखर कमी पडली की यकृत चरबी जाळतं आणि त्यातून किटोन निघतात. निर्जळी एकादशीनंतर तोंडाला येणाऱ्या वासात तोच असतो.

चांगल्या दुधाची संकरित गाय व्यायल्यावर पहिल्या दीड महिन्यात दूध जास्त देते आणि खाणं मात्र पुरत नाही. मग तिला किटोसिस होतो. ढेप (पेंड) सोडते पण कुटार (भुसा) चघळत राहते, दूध कमी होतं, अंग वाळतं, आणि तोंडाला, कधी लघवीला आणि दुधालाही नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास येतो. हा वास सगळ्यांनाच येत नाही, म्हणून घरातल्या दोघांनी हुंगून पाहा. वास आला तर झाडपाल्यात दिवस घालवू नका, पशुवैद्याला बोलवा. ग्लुकोजची सलाइन वेळेवर मिळाली तर बहुतेक गाई सावरतात.

माणसाच्या बाबतीत हाच वास, सोबत उलट्या, खोल आणि जोरजोरात श्वास, सुस्ती असं दिसलं, आणि घरात साखरेचा आजार असेल तर (नसेल तरीही), त्याच घडीला दवाखान्यात न्या. हवा लागली, बाहेरचं झालं म्हणत रात्र काढू नका.

ठेवायचं कुठे

मूळ बाटलीत, काचेच्या किंवा जाड पॉलिइथिलीनच्या. कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीच नाही. उन्हातून आलेला माणूस बाटली पाहून तोंडाला लावतो, विचारत नाही. टिनाच्या शेडमध्ये, माळ्यावर किंवा मोटारसायकलच्या डिक्कीत नको. जुन्या मातीच्या भिंतींच्या खोलीत, जमिनीलगत, पोरांच्या हाताबाहेर, कुलपात. एका वेळी अर्ध्या लिटरच्या वर घेऊच नका; उरलेलं उडूनच जातं.

वापरलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, चुलीत तर नाहीच. अंगणातल्या तारेवर एकेक पसरून वाळू द्या, वास पूर्ण गेला की मग धुवा किंवा फेका. वाटीत उरलेलं नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. उघड्यावर, सावलीत, गुरं-पोरं येणार नाहीत अशा जागी वाटी ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्यात पाणी पिऊन परत येईपर्यंत ती कोरडी झालेली असते.